तीस पौंडांची बाटली

समजा, तुमच्यासमोर सोड्याची एक लिटरची सीलबंद बाटली ठेवली आहे. झाकण फिरवा. फस्स झालं? आता मोजून पंधरा चमचे काढून घ्या आणि झाकण घट्ट लावा. तीन तासांनी पुन्हा उघडा, पुन्हा पंधरा चमचे. असं दिवसातून सहा वेळा, दोन दिवस. अट एकच: बाटलीच्या तळाशी उरलेला शेवटचा चमचाही पहिल्याइतकाच जिभेला टोचला पाहिजे. झाकण हवं तितकं आवळा, बाटली फ्रिजमध्ये ठेवा, उलटी ठेवा, बघा जमतंय का. आणि करताना हेही धरून चाला, की चमचा टोचला नाही तर समोरच्या माणसाला ठसका लागेल, आणि तो ठसका साधा नसेल.

हवालदारांवर हे काम वयाच्या बासष्टाव्या वर्षी आलं.

हवालदार पोलिसात कधीच नव्हते. त्यांचं टायरचं दुकान होतं. हवा भरतो तो हवालदार, असं त्यांच्या बायकोने लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात जाहीर केलं आणि ते नाव रस्त्याने उचललं. बायकोला सगळे वहिनी म्हणत. दुकानाच्या पुढच्या भागात हवालदारांचा कॉम्प्रेसर, टायर उचकटायच्या पट्ट्या आणि ट्यूब बुडवून बघायचा पाण्याचा टब, तर मागच्या भागात वहिनींचं शिलाई मशीन, रेक्झिनचे तागे आणि फोमचे तुकडे. वहिनी स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवत. कानामागे खडू, तोंडात बोलणं. मशीन चालू असो की कॉम्प्रेसर, त्यांचा आवाज दोन्हींच्या वर. दोन दुकानं सोडून एकजण आग विझवायची नळकांडी भरून द्यायचा, त्याचं नाव वहिनींनी ‘आगलाव्या’ ठेवलं होतं. तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

हवालदारांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. ते काही टाकून देत नसत. ज्या टायरकडे बघून दुसरा दुकानदार मान हलवायचा, त्याला ते आतून ठिगळ लावून आणखी वर्षभर पळवायचे. घरी बादलीला ठिगळ, चपलेला ठिगळ, गरम पाण्याच्या पिशवीला दोन ठिगळं. “मी म्हातारी झाले की मलाही एक लावा,” वहिनी म्हणायच्या. “आतल्या बाजूने लावा म्हणजे दिसणार नाही.”

एका सकाळी वहिनी रेक्झिनवर खडूने आखत होत्या. सरळ चाललेली रेघ एकदम खाली घसरली, टेबलाच्या कडेवरून गेली आणि तिच्या मागोमाग वहिनीही घसरल्या.

सोळा दिवसांनी त्या दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय नावापुरते उरले होते. बोलण्यातले तीन शब्द शिल्लक होते. ‘हो’, ‘नको’ आणि, का कोण जाणे, ‘सोमवार’. पाणी हवं असलं तरी सोमवार, उशी सरकवायची असली तरी सोमवार. मुलगी पहिल्यांदा ते ऐकून हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

पण बोलण्यापेक्षा मोठा घोर गिळण्याचा होता. कुस्करलेलं अन्न कसंबसं उतरे. पाणी मात्र घशात भलतीकडेच वळायचं. घोट घेतला की ठसका, डोळे पांढरे, अंगभर थरथर. डॉक्टरांनी पाण्यात मिसळून ते दाट करायची पावडर दिली. त्या डिंकासारख्या पाण्याचा चमचा जवळ आणला की वहिनी डाव्या हाताने तो उडवून लावत. “नको.” एवढा शब्द मात्र खणखणीत यायचा.

मग घसावाली मॅडम आली. ती गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम शिकवायची, आठवड्यातून एकदा घरी यायची. वयाने हवालदारांच्या मुलीएवढी. तिने वहिनींना ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे टेकवायला लावली आणि पिशवीतून सोड्याची छोटी बाटली काढली.

“हिला सोडा?” हवालदार पुढे सरकले. “साधं पाणी जात नाही तर...”

“काका, सगळ्यांना चालतं असं नाही. पण काहींचा घसा झोपलेला असतो. हे टोचतं, म्हणून तो जागा होतो. बघू या तरी.”

एक चमचा. वहिनींच्या भुवया वर गेल्या. गळ्याची घाटी वर आली, खाली गेली. ठसका नाही. दुसरा चमचा. तिसरा. मॅडमने गळ्यावर बोटं ठेवून पंधरा चमचे मोजले आणि मग एका वहीत कोष्टक आखून दिलं: वेळ, चमचे, ठसके. “दिवसातून सहा वेळा. मी रोज नसेन, पण काही बिघडलं तर वही सांगेल. रोज लिहायचं. आणि सोडा टोचणारा हवा. मेलेला नको.”

अडचण दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. सकाळी फोडलेली बाटली दुपारपर्यंत मरायची.

“बाबा, छोट्या बाटल्या आणा,” मुलगी म्हणाली. “प्रत्येक वेळी नवी फोडा, उरलेलं ओतून द्या.”

“चांगलं निम्म्याहून जास्त मोरीत ओतायचं?”

“मग तुम्ही प्या.”

“मला सोड्याने ढेकर येतात.”

“येऊ देत की. आईला ठसका लागण्यापेक्षा तुम्हाला ढेकर आलेले काय वाईट?”

मुलीचं म्हणणं बरोबर होतं, आणि सहा बाटल्या त्यांना जड नव्हत्या. पण हवालदारांच्या डोक्यात किडा वळवळू लागला होता. बाटलीतला दाब निघून जातो म्हणून सोडा मरतो. दाब निघून जाणं म्हणजे दुसरं काय? हवा कमी होणं. आणि कमी झालेली हवा पुन्हा भरणं हे तर आपलं चाळीस वर्षांचं काम!

त्यांनी एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण घेतलं, मधोमध भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. गाडीच्या चाकाला बसवतात तो नवाकोरा रबरी वाल्व्ह उकळत्या पाण्यातून काढला आणि आतून ओढून झाकणात बसवला. कॉम्प्रेसरच्या हवेला तेलाचा वास येतो, म्हणून नवा हातपंप आणला. बाटली टबात बुडवून पाहिली. एक बुडबुडा नाही. आत उरलेला सोडा, वर तीस पौंड हवा. तीन तासांनी झाकण सोडलं तर असा काही फस्सकन आवाज झाला, की शेजारच्या खोलीतून मुलगी धावत आली.

“ऐकलंस?” हवालदारांची छाती टायरसारखी फुगली होती. “नव्या बाटलीपेक्षा मोठा!”

त्यांनी वहिनींना ताठ बसवलं, चमचा भरला. “टोचतंय ना गं?”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या.

नऊ दिवस हे असं चाललं. दर तीन तासांनी फस्स, दर तीन तासांनी “टोचतंय ना?” आणि दर तीन तासांनी “हो”. ठसके लागत होते, पण ते दुखण्याचे, असं हवालदार धरून चालले. वहीत मात्र प्रामाणिकपणे लिहीत गेले. मधल्या आठवड्यात घसावाली मॅडम आजारी होती, आली नाही. नवव्या दिवशी दुपारी वहिनींचं अंग तापलं आणि श्वास घेताना छातीतून पाण्यात ट्यूब बुडवल्यासारखा आवाज येऊ लागला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात काहीतरी उतरलंय. बहुधा पाणी.

“पाणी दिलंच नाही,” हवालदार म्हणाले. “सोडा देतो. टोचणारा.”

संध्याकाळी घसावाली मॅडम आली. वहिनींच्या नाकाला नळी होती, डोळे मिटलेले. मॅडमने बाकावर बसून वही उघडली, एक पान पाहिलं, मग मागचं, मग पुन्हा पुढचं.

“काका, बाटली कधी बदलता?”

“एक दिवसाआड. सकाळी.”

“हे बघा. या सकाळी ठसका नाही. दुपारी तीन ठसके. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा, संध्याकाळी अकरा. मग परत एकदम शून्य. मग परत तीन, सहा, दहा.”

“मला वाटलं, थकत असेल.”

“माणूस एक दिवसाआड थकत नाही, काका. बाटली कुठाय?”

बाटली पिशवीतच होती. दवाखान्यात लागेल म्हणून हवालदारांनी निघण्यापूर्वी तीस पौंडांवर भरून घेतली होती. त्यांनी झाकण सोडलं. आवाज इतका झाला की नर्सने मान वळवली. मॅडमने काचेच्या ग्लासात थोडं ओतलं आणि ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरला. दोन बुडबुडे काचेला चिकटले होते. तेवढेच. तिने एक घोट घेतला.

“हे साधं पाणी आहे.”

“नाही हो मॅडम. तीस पौंड आहे. निघताना मोजलंय.”

तिने ग्लास त्यांच्या हातात दिला. हवालदारांनी घोट घेतला. जिभेवर काहीच झालं नाही. किंचित खारट, कोमट पाणी घशाखाली गेलं. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की नऊ दिवसांत त्यांनी ते स्वतः एकदाही चाखलं नव्हतं. साध्या सायकलच्या चाकात हवा भरल्यावरसुद्धा वाल्व्हवर थुंकीचं बोट टेकवून बघणारा हा माणूस. इथे मात्र त्याने फक्त आवाज ऐकला होता.

वहिनी अकरा दिवस दवाखान्यात होत्या. पहिले चार दिवस तर हवालदारांचा जीव असा टांगणीला लागला, की नर्सच्या चपलांचा आवाज आला तरी ते उभे राहत. पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी मुलीला आईजवळ बसवून ते दोन दुकानं सोडून असलेल्या त्या दुकानात गेले. आगलाव्या एका लाल नळकांड्याचं वजन करत होता. हवालदारांनी बाटली त्याच्या टेबलावर ठेवली.

“तीस भरतो. आवाज येतो. सोडा मरतो. का?”

“काय भरतोस?”

“तीस पौंड म्हटलं ना.”

“किती विचारलं नाही. काय भरतोस?”

“हवा. दुसरं काय भरणार मी?”

आगलाव्या स्टुलावर बसला. त्याला हसू आलं असावं, पण हवालदारांच्या चेहऱ्याकडे पाहून ते त्याने आतल्या आत गिळलं. “सोड्यात गॅस कुठला असतो? माझ्या या नळकांड्यात असतो तोच. तो पाण्यातून बाहेर पडतो आणि वरच्या मोकळ्या जागेत जातो. तिथे त्याच्यासारखेच दाटीवाटीने उभे असले, तर जेवढे बाहेर येतात तेवढे परत आत ढकलले जातात. सोडा जिवंत राहतो. पण वर नुसती हवा असेल, तर ती कितीही कोंब, या गॅसच्या लेखी ती जागा रिकामीच. तो खुशाल बाहेर येतो. बाटली जितकी रिकामी, तितका जास्त येतो.”

“पण दाब तर आहे.”

“आहे ना. तुझं गेज दाब सांगतं. कोणाचा दाब, ते सांगत नाही. आम्हीही या नळकांड्यांना गेज लावत नाही, वजन करतो; आतला गॅस संपत आला तरी दाब तेवढाच दिसतो.”

हवालदारांना ते पटलं नाही, म्हणजे डोक्याला पटलं, हाताला पटेना. मग आगलाव्याने सोड्याच्या दोन बाटल्या मागवल्या, दोन्ही अर्ध्या केल्या आणि दोन्हींना वाल्व्हची झाकणं लावली. एकीत हवालदारांनी पंपाने तीस पौंड हवा भरली. दुसरीत आगलाव्याने गॅस, तोही तीस पौंडच. दोन्ही हवालदारांच्या टबातल्या गार पाण्यात ठेवल्या. तीन तास दोघे आपापलं काम करत राहिले. मग दोन्ही उघडल्या. फस्स दोन्हींचा सारखाच. पण हवेच्या बाटलीचा आवाज संपला आणि पाणी निपचित पडलं. दुसरीत तळापासून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येऊ लागल्या, येतच राहिल्या. हवालदार खाली वाकून, बाटलीला नाक लावून, बराच वेळ त्या बघत होते.

“दे मला यातला गॅस,” ते म्हणाले.

“हा नाही. हा आगीसाठी आहे, घशासाठी नाही. सोड्याच्या मशीनला लावतात तो वेगळा, स्वच्छ, खाण्यापिण्याचा. उद्या मागवतो. आणि मधे रेग्युलेटर लावायचा. सिलिंडरमध्ये आठशेच्या वर पौंड असतात; थेट लावलास तर बाटली नाही, बॉम्ब होईल. प्लास्टिकचीच घे, काचेची नको.” मग तो जरा थांबला. “एक सांगू? वहिनी बोलत्या असत्या ना, तर पहिल्याच चमच्याला तुझी अशी काढली असती की साऱ्या रस्त्याने ऐकलं असतं.”

तो हे सहज बोलला. पण हवालदार बाटली उचलता उचलता तसेच उभे राहिले.

बोलत्या नव्हत्या हे खरं. पण ‘नको’ होताच की. दाट पाण्याला नको होता, डोळ्यांवरच्या उजेडाला नको होता, समाचाराला येऊन रडणाऱ्या शेजारणीला तर दोनदा नको होता. मग त्या मेलेल्या पाण्याला का नव्हता?

वहिनी घरी आल्या त्या दिवसापासून हवालदारांचं काम असं ठरलं. पंधरा चमचे काढायचे. मग बाटली दोन्ही हातांनी चेपायची, पाणी तोंडापर्यंत येईस्तोवर, म्हणजे आतली सगळी हवा निघून जाते. तशीच चेपलेली धरून झाकण लावायचं. वाल्व्हला नळी जोडायची, रेग्युलेटर तिसावर. बाटली टणकन फुगते. मग ती मिनिटभर हलवायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. ज्या माणसाने जन्मभर हवा भरली, तो आता दिवसातून सहा वेळा हवा बाहेर हाकलत होता. आणि प्रत्येक वेळी पहिला चमचा तो स्वतः घ्यायचा. ढेकर यायचे. येऊ देत.

वहीतले आकडे उतरले. सकाळी शून्य, संध्याकाळी एक, कधी शून्य. बाटलीचा तळही वरच्याइतकाच टोचत होता. दोन महिन्यांनी वहिनींच्या तोंडात चाळीसेक शब्द आले, सोमवार मागे पडला. डाव्या हाताने त्या रेक्झिनच्या तुकड्यावर खडू ओढायला लागल्या. रेघ वाकडी यायची, त्यावर त्या स्वतःलाच “चल!” म्हणायच्या.

हवालदारांनी एकदा घसावाल्या मॅडमला जिन्यात गाठलं.

“त्या नऊ दिवसांत मी रोज विचारायचो, टोचतंय का. ती हो म्हणायची. तिला कळत होतं का?”

मॅडम एक पायरी खाली उतरून थांबली. “काका, तेव्हा त्यांचं हो म्हणजे हो असेलच, असं नव्हतं. मी दहा प्रश्न विचारले होते. तुम्ही बाई आहात का, हे हॉटेल आहे का, असले. तीनदा उलटं उत्तर आलं. म्हणायचं असतं नाही, तोंडातून निघतं हो.”

“म्हणजे सात बरोबर.”

“सात बरोबर.”

“मग माझ्या वेळचे हो कुठल्या सातातले आणि कुठल्या तिनातले?”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि तुम्ही तरी किती दिवस तेच घेऊन बसणार?”

हवालदार जिना चढून परत वर आले. सात आणि तीन हे आकडे त्यांना पुरत नव्हते. तिच्या मनात नको होतं आणि तोंडातून हो आलं, तर ती त्यांच्याच हातून नऊ दिवस बुडत होती आणि सांगू शकत नव्हती. आणि मनातही होच असेल, तर त्यांचा फुगलेला चेहरा बघून तिने मुद्दाम ते पाणी गिळलं. ठसके खात गिळलं. यातलं सहन व्हायला हलकं कुठलं, हेच त्यांना ठरवता येत नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी सरळ तिलाच विचारलं. वहिनी खुर्चीत बसून डाव्या हाताने दोरा गुंडाळत होत्या. चमचे देऊन झाले होते, ठसका लागला नव्हता.

“अगं, मी बाटलीत हवा भरायचो, आठवतंय? ते पाणी टोचत नव्हतं. तुला तेव्हा कळत होतं का?”

वहिनींनी दोरा थांबवला. “हो.”

पण मॅडमचे दहा प्रश्न हवालदारांच्या डोक्यात होते. गेज एकदाच लावून भागत नाही. त्यांनी प्रश्न उलटा केला.

“की तुला कळतच नव्हतं?”

वहिनींनी मान किंचित तिरकी केली, चांगल्या बाजूचा ओठ जरासा वर गेला. “हो,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दोरा गुंडाळू लागल्या.

हवालदार रिकामा चमचा हातात धरून बसून राहिले. चाळीस शब्द परत आले होते, त्यांत ‘नाही’ही होता, कालच तिने तो मुलीला तीनदा ऐकवला होता. मग हा दुसरा ‘हो’ दुखण्याने बोलायला लावला, की ज्या बाईने सगळ्या रस्त्याची नावं ठेवली ती पुन्हा एकदा त्यांची फिरकी घेत होती?